ढोरांच्या दवाखान्यातले दुधेभाऊ

जनावराला हात लावायच्या आधी दुधेभाऊ मनगटावरचं घड्याळ काढत, ते समोर फरशीवर ठेवत आणि जनावरापासून दोन हात लांब उकिडवे बसत. मग एक मिनिट ते कुणाशी बोलत नसत. फक्त ओठ हलायचे. बैलाचा मालक घायकुतीला येऊन मध्येच काही सांगू लागला, तर मान वर न करता ते डाव्या हाताचा पंजा उभा धरत. नवख्याला वाटे, माणूस मंत्र पुटपुटतो आहे. ते श्वास मोजत असत.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातात भाजीची पिशवी होती आणि पिशवीत भुऱ्या नावाचा बोका. तेलंगणात, भीमपूरच्या पुढे, पैनगंगेच्या काठावरच्या एका गावात मराठी शाळेवर माझी नुकती बदली झाली होती. शाळेच्या मागच्या खोलीत मी एकटी राहत होते. शाळेत पोरांच्या जेवणाचे तांदूळ ठेवायची एक कोठी होती, आणि तिथल्या उंदरांसाठी हेडमास्तरांनी एक कबरी मांजर राहू दिली होती. भुऱ्या तिचा. त्याची दोन भावंडंही तिथेच वाढली होती. एक काळं, एक पांढरं. भुऱ्या मात्र पहिल्या आठवड्यातच माझ्या खोलीत आला आणि माझ्या उशाशी झोपू लागला. वर्षाचाही नव्हता. आठ दिवसांपासून तो खात नव्हता. कोपरं बाहेर काढून, मान ताणून एका जागी बसून राहायचा.

दुधेभाऊंनी पिशवी माझ्या हातातून घेतली, हळूच आडवी केली आणि भुऱ्याला स्वतःहून बाहेर येऊ दिलं. मग घड्याळ, मग ते एक मिनिट.

"अठ्ठावन," ते म्हणाले. "बसल्या मांजराचा वीस-पंचवीस पाह्यजे. बाई, याले पिशवीत कोंबून काऊन आणलं? आधीच दम पुरून नाही राह्यला त्याले."

मला राग आला. मी तीन मैल चालत आले होते. पण त्यांच्या आवाजात दटावणी नव्हती. पिशवीत कोंबलेल्याच्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं, एवढंच होतं.

ते डॉक्टर नव्हते. भीमपूरच्या सरकारी पशुदवाखान्यात मदतनीस म्हणून लागले आणि तिथेच केस पांढरे झाले. डॉक्टर आदिलाबादहून आठवड्यातून दोनदा येत. उरलेले दिवस दवाखाना म्हणजे दुधेभाऊ. गावाकडचे लोक त्याला ढोरांचा दवाखाना म्हणत. तिथल्या छापील रजिस्टरात गाय, म्हैस, बैल, मेंढी, शेळी, कोंबडी असे तेलुगूत रकाने होते. मांजराला रकाना नव्हता. दुधेभाऊंनी 'इतर' या रकान्यात तेलुगू अक्षरांत 'पिल्ली' असं लिहिलं. तेलुगूत मांजराला पिल्लीच म्हणतात. "पाहा," ते म्हणाले, "आपल्याकडे पिल्लू म्हंजे कोनाचंही. त्यायच्याकडे पिल्ली म्हंजे फक्त मांजर."

त्यांचे वडील माझ्या शाळेच्या गावात सालगडी होते. ज्या घराच्या ओसरीवर त्या माणसाला उभं आयुष्य बसू दिलं नाही, त्या घरचा मालक आता म्हैस अडली की गोठ्याच्या दारात येऊन "दुधेसाहेब, या या, आत या" म्हणे. दुधेभाऊ जात. शर्ट काढून कोपरापर्यंत हात घालून रेडकू मोकळं करत. पण त्या घरचं पाणी पीत नसत. सायकलला पाण्याची बाटली लावलेली असे. मी एकदा कारण विचारलं. "सवय हाय," एवढंच म्हणाले.

आणि एक गोष्ट ते कधीच करत नसत. जनावर जगणार नसेल तर 'होईल बरं' म्हणत नसत. पुष्कळ लोकांना तो त्यांचा कोरडेपणा वाटे. मलाही वाटला होता. नंतर त्यांच्या बायकोने, कमलवैनींनी, त्यामागची हकिकत सांगितली. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक विधवा बाई आपली म्हैस घेऊन आली होती. म्हैस हातची गेलेली आहे हे दुधेभाऊंना दिसत होतं. पण बाईचं तोंड बघून ते म्हणाले, होईन बरी, फक्त तिच्याजवळून हलू नका. बाई हलली नाही. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ वारल्याचा निरोप आला. दवाखान्यातल्या माणसाने हलू नका म्हटलंय म्हणून ती मातीलाही गेली नाही. तिसऱ्या दिवशी म्हैस मेली.

"तवापासून मी तोंड पाहून बोलनं सोडलं," दुधेभाऊ म्हणायचे. "श्वास पाहून बोलतो."

त्या दिवशी त्यांनी भुऱ्याच्या छातीला, पुढच्या पायांच्या मागे, अंगठा आणि दोन बोटं लावली आणि अगदी हलकं दाबलं. मग दवाखान्याच्या पायरीवर झोपलेल्या दुसऱ्या एका मांजराला उचललं आणि माझी बोटं तिथे लावायला सांगितली. त्या मांजराची छाती बोटांखाली लवली, नव्या टोपलीसारखी. भुऱ्याची लवली नाही. आत काहीतरी भरलेलं होतं.

"काय आहे?"

"मी सांगाव असं नाही. डॉक्टर मॅडम सांगतीन. पन चांगलं नाही, बाई. इतकं मी सांगतो."

डॉक्टर मॅडम नुकत्याच कॉलेजातून आलेल्या, वारंगलकडच्या. त्यांच्या सांगण्यावरून आम्ही भुऱ्याला टोपलीत घालून बसने आदिलाबादला नेलं. दुधेभाऊ रजा टाकून बरोबर आले. टोपली त्यांच्याच मांडीवर होती. वाटेत खड्डा आला की ते टोपली दोन्ही हातांनी वर उचलून धरत. तिथे छातीचा एक्स-रे निघाला. काळ्या छातीत हृदयाच्या पुढे एक पांढरा गोळा होता, सुपारीपेक्षा मोठा, आणि त्याच्या भोवती पाणी. मॅडमनी सुईने पाणी काढलं. भुऱ्याने तासाभराने पहिल्यांदा अंग सोडून मान टेकली. मग बोटाएवढ्या एका पट्टीवर रक्ताचा थेंब टाकला. पट्टीवर दुसरी रेघ उमटायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"ट्यूमर है," मॅडम म्हणाल्या. "कॅन्सर. वायरस से हुआ."

मी म्हणाले, "पण हा एक वर्षाचाही नाही."

मॅडमनी दुधेभाऊंकडे पाहिलं. परतीच्या बसमध्ये दुधेभाऊंनीच मला सगळं समजावून सांगितलं, हळूहळू, टोपलीवरचा हात न काढता. "लोकायले वाटते कॅन्सर म्हंजे म्हाताऱ्याचा रोग. मांजरात हा तरण्यालेच आधी धरते. तो जंतू रक्तात जाऊन बसते. मायच्या दुधातून येते, मायनं चाटलं त्याच्यातून येते, एका ताटलीत खाल्लं त्याच्यातून येते. लाड करता करताच जाते, बाई, याच्यातून त्याच्यात. काही मांजरं चार-पाच वर्षं जगतात त्याच्यासंगं. काहीच्या छातीत असा गोळा धरते."

हैदराबादला औषधं होती. त्याने काही महिने मिळाले असते, तेही मिळाले तर. मी दुधेभाऊंना विचारलं, तुम्ही काय केलं असतं. ते खिडकीबाहेर कपाशीकडे पाहत राहिले. "मी त्याले प्रवास नसता करू देला," ते म्हणाले.

छातीत पाणी पुन्हा भरायला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी दुपारी भुऱ्या तोंड उघडून श्वास घेऊ लागला. मॅडमचा त्या दिवशी इथला वार होता. दुधेभाऊंनी दवाखान्याचं पुढचं दार लावून घेतलं, शेळ्या घेऊन आलेल्यांना लिंबाखाली बसवलं. मी म्हणाले, मी बाहेर थांबते. ते म्हणाले, "नाही. तो तुमच्या उशाशी झोपत होता. आता टेबलावर एकटा झोपन काय?" मी खुर्चीत बसले. भुऱ्या माझ्या मांडीवर होता. मॅडमनी सुई दिली. दुधेभाऊंचा हात त्याच्या डोक्यावर होता आणि दुसरा माझ्या खांद्यावर, थोरल्या भावाचा असावा तसा. फार वेळ लागला नाही.

इथवरची गोष्ट दुःखाची आहे, पण सरळ आहे. पुढची तशी नाही.

भुऱ्याची आई आणि भावंडं तपासायला हवी होती. मॅडमनी पट्ट्या मागवल्या. कबरीचं रक्त दुसरी रेघ दाखवून गेलं, काळ्याचंही. पांढरी, तिला पोरं ढवळी म्हणत, सुटली होती. तरी दोन-तीन महिन्यांनी तिला परत तपासायचं होतं. मी तिला माझ्या खोलीत बंद करून ठेवलं. कबरी आणि काळा दिसायला ठणठणीत होते. त्यांना मारायचं काहीच कारण नव्हतं. फक्त दुसऱ्या मांजरांपासून दूर ठेवायचे होते. दुधेभाऊ म्हणाले, माझ्या घरी जाळीची खोली करतो, सोमवारी घेऊन जातो. आणि त्यांच्या स्वभावाप्रमाणे त्यांनी हेडमास्तरांना जाऊन सगळं खरं खरं सांगितलं. "सर, हा मांजरातला कॅन्सर हाय. एकाहून दुसऱ्याले जाते. म्हून मांजरं इथून हलवतो. माणसाले लागत नाही, त्याची काळजी नका करू."

शुक्रवारी हे बोलणं झालं. शनिवारी सकाळी शाळेच्या अंगणात पन्नास-साठ पालक उभे होते.

त्या वर्षी गावात एक तरणी बाई घशाच्या कॅन्सरने गेली होती. तिची मुलगी आमच्या तिसरीत होती. गावाने तो आजार डोळ्यांनी पाहिला होता. पाणी गिळता येईना इथपर्यंत पाहिला होता. त्यामुळे त्या सकाळी कुणाला हसावं असं त्यात काही नव्हतं. सगळ्यांत पुढे शांताबाई होत्या, त्या मेलेल्या बाईची जाऊ. आईवेगळी पोर त्याच सांभाळत होत्या.

"माही पोरगी त्या मांजराले कवटाळून बसते," त्या ओरडल्या. "तिची माय गेली त्या रोगानं. आता तिले बी न्याचं हाय काय?"

दुधेभाऊ सायकलवरून आले. त्यांनी कबरीला सर्वांदेखत उचलून छातीशी धरलं आणि म्हणाले, "ताई, हा जंतू मांजराचा हाय. मांजराबाहेर तो जगत नाही. कुत्र्याले नाही लागत, कोंबडीले नाही, माणसाले नाही. तुमच्या जावेले झाला तो येगळा, हा येगळा. नाव एक हाय फक्त."

"नाव एक हाय ना?" मागून कुणीतरी म्हणालं.

"तहरीर लिहून देता काय?" दुसऱ्याने विचारलं. आमच्याकडे अजूनही लोक लेखी कागदाला तहरीर म्हणतात.

"देतो." आणि त्यांनी हेडमास्तरांच्या टेबलावर बसून लिहून दिलं. खाली सही केली. तो कागद तिथे हातोहात फिरला. एक जण तो परत करताना म्हणाला, "सालगड्याचं पोरगं आता आमाले डॉक्टरी शिकवते." हे हळू म्हटलेलं होतं, पण दुधेभाऊंना ऐकू गेलं. त्यांनी मांजर खाली ठेवलं आणि हेडमास्तरांना सांगितलं, सोमवारी सकाळी आठला येतो.

मी त्या सभेत एक शब्द बोलले नाही. मी त्या शाळेची शिक्षिका होते. त्या पोरांच्या आयांना मी रोज भेटत होते. मला तेलुगू, हिंदी, मराठी तिन्ही भाषा येत होत्या. मी दारात उभी राहून पाहत राहिले.

रविवारी शाळा बंद होती आणि मी आदिलाबादला घरी गेले होते. ढवळी माझ्याबरोबर टोपलीत होती. सोमवारी सकाळच्या बसने आले तर शाळेच्या फाटकाशी पोरं गप्प उभी होती. एरवी ती बस दिसली की धावत यायची.

कबरी पाण्याच्या टाकीजवळ पडली होती. काळा कोठीच्या दारात. एवढ्यावर थांबलं नव्हतं. किराणा दुकानातली दोन, पिठाच्या गिरणीतलं एक, देवळामागची, कुणाकुणाच्या घरची. नऊ मांजरं आणि तीन कोंबड्या. त्यातल्या सहा मांजरांचं रक्त कुणी तपासलंही नव्हतं. गिरणीतलं मांजर मॅडमनी मागच्याच बुधवारी तपासलं होतं. ते अगदी स्वच्छ होतं. कपाशीवर मारायचं औषध भातात कालवून ठेवलं होतं. ते औषध आमच्याकडे घराघरात असतं. कुणी केलं, हे विचारण्यात अर्थ नव्हता आणि कुणी विचारलंही नाही.

दुधेभाऊ आठच्याही आधी आले होते. हातात रबरी मोजे घालून ते एकेक मांजर गोणपाटात ठेवत होते. सांडलेला भात त्यांनी शीत न् शीत गोळा केला, जमिनीची वरची माती खरवडून तीही पोत्यात भरली. "पोरं खेळतात इथं," एवढंच ते अधूनमधून म्हणत होते. "पोरं खेळतात इथं." दवाखान्यामागे त्यांनी कमरेइतका खोल खड्डा खणला. मला फावडं हातात घेऊ दिलं नाही. चुना टाकला, माती टाकली, वर बाभळीच्या काट्या टाकल्या. मग रजिस्टर उघडून 'इतर' मध्ये नऊ ओळी लिहिल्या.

मी रडत होते आणि शिव्याही देत होते. अडाणी लोक, राक्षस लोक, असलं काहीतरी. त्यांनी मला पुष्कळ वेळ बोलू दिलं. मग म्हणाले, "मी सांगताना चुकलो, बाई."

"तुम्ही? तुम्ही तर एक शब्द खोटा बोलला नाहीत."

"खोटा नाही बोललो. पन 'एकाहून दुसऱ्याले जाते' हे आधी बोललो. 'माणसाले लागत नाही' हे शेवटी बोललो. मानूस भ्यालेला असला का पहिलंच वाक्य घरी नेते. बाकीचं आपल्यापाशीच राह्यते." त्यांनी हात धुतले. दुसऱ्यांदा धुतले. "तीस वर्सं झाली, मले वाटे खरं बोललं का आपलं काम झालं."

त्यानंतर महिनाभर ते दवाखान्यात कुणाशी कामापलीकडे बोलत नव्हते. त्या गावातून बोलावणं आलं की मात्र जात. म्हैस अडली की जात, शेळ्यांना लस टोचायला जात. मी त्यांना म्हटलं, जाऊ नका. "म्हशीनं काय केलं?" ते म्हणाले.

दोन वर्षांनी, उन्हाळ्यात, मी ढवळीला रेबीजची सुई द्यायला नेलं होतं. ढवळी दुसऱ्या तपासणीतही सुटली होती. दवाखान्यात बाकावर शांताबाई बसल्या होत्या. पदराखाली एक तरणी मांजरी होती, सात-आठ महिन्यांची. तिच्या पोटाखाली दोन्ही बाजूंनी गाठी लोंबत होत्या, कवठाएवढ्या, लालभडक. तिला नीट चालता येत नव्हतं. शांताबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

दुधेभाऊंनी घड्याळ काढलं, श्वास मोजले. मग गाठींना हात लावून नीट पाहिल्या आणि मान वर करून पहिलं वाक्य बोलले, "ताई, हा कॅन्सर नाही."

शांताबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"हा कॅन्सर नाही," त्यांनी पुन्हा सांगितलं. "तरण्या मांजरीले माजावर आल्यावर कवा कवा असं होते. थनं सुजतात. दिसाले भयंकर दिसते. मॅडम बुधवारी येतीन, पाहतीन, नसबंदीचं ऑपरेशन करतीन. सूज उतरन हळूहळू. तुमच्या पोरीले घरी जाऊन आधी हेच सांगा."

बाई उठल्या, पण दाराशी जाऊन थांबल्या. दुधेभाऊंनी औषधांचं लोखंडी कपाट उघडलं. खालच्या कप्प्यातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि बाकावर ठेवलं. शांताबाईंनी कागद उलगडला. आत स्टीलचं ताट होतं. काठावर दुकानात कोरून घेतलेलं नाव होतं. त्यांच्या मेलेल्या जावेचं नाव. लग्नात मिळालेलं ताट असणार.

"टाकीमागं सापडलं होतं," दुधेभाऊ म्हणाले. "दहादा घासलं हाय, तरी खायाले वापरू नका. कोंबड्यायलेही दाना नका टाकू त्याच्यात. तिच्या पोरीले आठवन म्हून राहू द्या."

शांताबाई जमिनीवर बसल्या. तोंडात पदर कोंबला. "भाऊ, मले काही सुचत नव्हतं," एवढंच त्या पुन्हापुन्हा म्हणत राहिल्या. मांजरी त्यांच्या मांडीवरून उतरून बाकाखाली गेली. दुधेभाऊंनी तांब्यात पाणी आणून त्यांच्यासमोर ठेवलं आणि दुसऱ्या माणसाची शेळी बघायला बाहेर गेले.

शांताबाई गेल्यावर मी दुधेभाऊंना गाठलं. दोन वर्षं त्यांनी मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. मी रोज त्या बाईशी बोलत होते, तिच्या पोरीला शिकवत होते.

"सांगून काय झालं असतं?" ते म्हणाले. "गावानं तिच्या एकटीच्या डोक्यावर समदं घातलं असतं अन् आपन मोकळं झालं असतं. भात तिनं कालवला. पन औषध कोन देलं तिले? देवळामागं कोन टाकलं? तो कागद हातोहात फिरला, तवा एकानं तरी वाचून दाखवला काय तिले? तिले वाचता येत नाही, बाई."

त्यांनी त्या सभेतल्या माझ्या गप्प राहण्याचा उल्लेख केला नाही. तेव्हा केला नाही, पुढेही कधी केला नाही.

ती मांजरी बरी झाली. सूज उतरायला दीड महिना लागला. शांताबाईंची पुतणी तिला शाळेत घेऊन यायची आणि मीही येऊ द्यायची.

दुधेभाऊ निवृत्त झाले आणि गुडीहत्नूरला मुलीकडे राहायला गेले. सुजाता तिथे सरकारी दफ्तरात लिपिक होती. सहा-सात महिन्यांनी तिचाच फोन आला. बाबांना निर्मल गावच्या दवाखान्यात दाखवलं, पोटात गाठ आहे, यकृतात पसरलं आहे. "पण बाई, तुम्ही आल्यावर त्यांच्यासमोर बोलू नका. त्यांना आम्ही अल्सर सांगितलंय."

मी गेले तेव्हा ते खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. हातांची नुसती हाडं राहिली होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि खाली औषधांच्या बाटल्या ओळीने लावलेल्या. सुजाता आत-बाहेर करत सांगत होती, डॉक्टर म्हणालेत महिनाभरात हिंडायला लागतील, फक्त तिखट खायचं नाही. दुधेभाऊ मान हलवत होते. "हो ना. मंग आंबे आले का जाऊ भीमपूरकडे." ती चहा ठेवायला आत गेली.

मला गप्प बसवेना. आयुष्यभर या माणसाने कुणाच्या शेळीबद्दलसुद्धा खोटं खपवून घेतलं नव्हतं. मी हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, तुम्हाला कळतंय ना?"

त्यांनी आत एकदा पाहिलं. "मले नाही कळनार?" ते म्हणाले. "बोलू द्या तिले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बिचारी खोटं बोलते अन् मंग तिले झोप लागते. मी खरं काढलं तर आमी दोघंही जागे राहू."

"तुम्हीच म्हणायचात..."

"म्हनत होतो. ते लोकायच्या जनावराबद्दल होतं." ते जरा हसले, मग कळ आली तसे गप्प झाले. चहा आला. तो त्यांना पिववत नव्हता, पण सुजाता समोर होती तोवर कप त्यांनी ओठाला लावून धरला.

अठरा दिवसांनी ते गेले.

पुण्यानुमोदनाला मी गेले होते. शांताबाईही आल्या होत्या, पुतणीला घेऊन. कार्यक्रम आटोपला, भंतेजी गेले, पाहुणे जेवायला बसले. सुजाता मला मागच्या अंगणात घेऊन गेली. तिथे तारेवर त्यांचे दोन शर्ट वाळत होते.

"बाई, तुम्ही शेवटी त्यांच्याजवळ एकट्या बसला होतात," ती म्हणाली. "बाबाले मालूम होतं काय?"

नाही म्हणणं सोपं होतं. तिने स्वतःच्या बापाला जितक्या मायेने सांगितलं, तितक्याच मायेने मीही सांगू शकले असते. मी त्या शर्टांकडे पाहिलं.

"तुझ्या बोलण्याने त्यांना बरं वाटायचं," मी म्हणाले. "आणि हो, त्यांना माहीत होतं."

ती रडली नाही. तिने तारेवरचे शर्ट काढले, नीट घडी घातली आणि पाहुण्यांना वाढायला आत गेली.